परत विकत घेतलेला किनारा

जानेवारीतला शनिवार. पहाटे साडेपाचला गजर झाला तेव्हा पहिला विचार आला की काल रात्री आपण "जाऊया रे" असं कुठल्या भरात म्हणून बसलो? पण या वेळी टांग मारणं शक्य नव्हतं. माझा रूममेट, आमचा नाशिककर, येत्या गुरुवारी भारतात परत चाललाय. सुट्टीवर नाही, सामानसुमानासकट. नोव्हेंबरच्या शेवटी त्याच्या कंपनीने आख्खी टीम घरी बसवली, त्यात हा पण गेला. एच-१बी वर असताना नोकरी गेली की हातात साठ दिवस. तेवढ्यात दुसरी नोकरी मिळवा, नाहीतर बॅगा भरा. आता ख्रिसमसच्या तोंडावर कोण कुणाला घेतंय? पन्नासावा दिवस उलटल्यावर त्याने रेझ्युमे पाठवणं बंद केलं आणि फर्निचरचे फोटो काढून विकायला टाकले.

सात वर्षांत या पठ्ठ्याने समुद्र म्हणजे सांताक्रूझची गर्दी तेवढी पाहिली होती. म्हणून म्हटलं, चल, जायच्या आधी तुला पॉईंट लोबोस दाखवतो.

सॅन होजेहून साधारण ऐंशी मैल. १०१ धरून गिलरॉय (लसणाचं गाव, कधीकधी गाडीच्या काचा बंद असल्या तरी वास आत येतो), मग १५६, मग कॅस्ट्रोव्हिलची आर्टिचोकची शेतं, मॉन्टरे, कार्मेल आणि कार्मेलच्या पुढे तीनेक मैलांवर हायवे वनच्या उजव्या हाताला एक साधंसं गेट. आत गाड्यांना जागा कमी. उशिरा गेलात तर हायवेच्या कडेला गाडी लावून चालत आत जायचं. आम्ही आठच्या आधीच गेटसमोर हजर! गाडीमागे दहा डॉलर दिले, नकाशा घेतला, आणि थर्मासमधला आल्याचा चहा नि मेथीचे ठेपले मारून चालायला लागलो.

आता इथे वर्णन करायला हवं, पण ते माझं काम नव्हे. थोडक्यात सांगतो. ग्रॅनाईटचे कडे, खाली फुटणाऱ्या लाटा, आणि कड्यांच्या टोकावर वाऱ्याने पिळून काढल्यासारखी वाकडीतिकडी सायप्रसची झाडं. मॉन्टरे सायप्रस हे झाड आज जगभर बागांमध्ये लावलेलं दिसतं, पण मूळचं, कुणी न लावलेलं असं ते फक्त दोन ठिकाणी उरलंय. एक इथे, आणि दुसरं समोरच्या पेबल बीचच्या बाजूला. झाडांच्या सुकलेल्या फांद्यांवर केशरी मखमल चढल्यासारखी दिसते. ती बुरशी नाही, एक प्रकारचं शेवाळ आहे, आणि केशरी रंग येतो तो गाजरात असतो त्याच द्रव्यामुळे. नाशिककरला हे सांगितल्यावर तो म्हणाला, "म्हणजे गाजर हलव्याचं झाड." :)

जागोजागी पाट्या. पायवाट सोडू नका. फूल तोडू नका, दगड उचलू नका, शिंपलासुद्धा घरी नेऊ नका. पॉयझन ओकला हात लावू नका (जानेवारीत त्याला पानं नसतात, नुसत्या काड्या असतात, आणि त्या काड्याही तितक्याच खाज आणतात, हे मी स्वानुभवाने सांगू शकतो. असो.). या जागेला कॅलिफोर्नियात नुसतं 'पार्क' म्हणत नाहीत, 'स्टेट नॅचरल रिझर्व्ह' म्हणतात. म्हणजे इथे आधी निसर्ग, मग माणूस. फिरताना असं वाटत राहतं की हा किनारा पहिल्यापासून असाच आहे, कुणाचा हात लागलेला नाही.

मलाही पहिल्या खेपेला तसंच वाटलं होतं. इतिहासाचा आणि माझा संबंध दहावीच्या बोर्डापर्यंतच, पुढे इंजिनियरिंगला इतिहास फक्त मागच्या वर्षांच्या पेपरांचा. पण तेव्हा व्हेलर्स कोव्हपाशी हिरवं जाकीट घातलेल्या एक स्वयंसेवक आजी भेटल्या. त्यांनी पायाखालची माती दाखवली. काळ्या मातीत शिंपल्यांचा चुरा चमकत होता. "हा समुद्राने टाकलेला नाही," त्या म्हणाल्या, "हे कुणाचं तरी जेवण आहे." घरी येऊन वाचत बसलो, आणि मग वाचतच गेलो.

तर ते जेवण रुमसेन लोकांचं. कार्मेलच्या आसपास राहणारे हे ओलोनी वंशाचे लोक निदान दोन-अडीच हजार वर्षं या टोकावर येऊन-जाऊन राहत होते. खडकात त्यांनी धान्य आणि ओकची फळं कुटायला केलेले खळगे अजून आहेत, आपल्याकडे जुन्या वाड्यात जमिनीतलं उखळ असायचं ना, तसे. १७७० मध्ये स्पॅनिश लोक मॉन्टरेला आले, पुढच्याच वर्षी त्यांनी मिशन कार्मेलला हलवलं, आणि रुमसेन लोकांना मिशनमध्ये ओढलं. रोगराईने आणि सक्तीच्या कामाने माणसं भराभर मेली. 'लोबोस' हे नावही स्पॅनिशच. खडकावर पहुडलेले सी लायन भुंकतात, त्यावरून समुद्री लांडग्यांचं टोक. आम्ही सी लायन पॉईंटवर पोचलो तेव्हा ती भुंकाभुंकी चालूच होती. नाशिककर म्हणाला, आमच्या सोसायटीची वार्षिक सभा!

इथून पुढची गोष्ट मला फार आवडते, कारण त्यात एक डिपेंडन्सी दुसरीवर चढलेली आहे.

या किनाऱ्यावर पूर्वी पाणमांजरं होती. आपल्या नदीतली नव्हेत, समुद्रातली, सी ऑटर. त्यांच्या अंगावर इतर समुद्री प्राण्यांसारखी चरबी नसते, म्हणून थंडीसाठी अतिशय दाट लव असते. आणि तीच त्यांच्या मुळावर आली. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून स्पॅनिश, रशियन, अमेरिकन अशा सगळ्यांनी ही कातडी मिळवायचा सपाटा लावला. माल जायचा चीनमध्ये, कँटनच्या बाजारात. १८१२ मध्ये रशियनांनी सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला फोर्ट रॉस बांधला, त्याचं एक मोठं कारण हेच. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत कॅलिफोर्नियातली पाणमांजरं जवळपास संपली.

आता पाणमांजर खातं काय? समुद्री साळू (ते काटेरी गोळे), खेकडे, आणि अ‍ॅबलोनी. अ‍ॅबलोनी म्हणजे गोगलगायीच्या कुळातला, खडकाला घट्ट चिकटून बसणारा प्राणी. एकच कवच, आतून मोराच्या पिसासारखं चमकणारं. त्याला खाणारी पाणमांजरं गेली, आणि त्याला पकडणारे रुमसेनही गेले. मग उरल्या खडकांवर अ‍ॅबलोनी मोकाट वाढल्या. १८५० च्या सुमाराला सोन्यासाठी जग कॅलिफोर्नियाकडे धावत होतं, तेव्हा काही चिनी कोळ्यांनी हा किनारा पाहिला आणि त्यांना वेगळंच सोनं दिसलं. अ‍ॅबलोनी चीनमध्ये सणासुदीचं खाणं. इथे तर कुणी ढुंकूनही बघत नव्हतं!

म्हणजे आधी पाणमांजरांची कातडी चीनला गेली, आणि त्यामुळे जे समुद्रात वाढलं ते गोळा करायला चीनमधून माणसं आली. हे कुणीच ठरवून केलेलं नाही. पण कोडच्या एका फाईलमध्ये कुणीतरी चार ओळी उडवतो आणि तीन मॉड्यूल पलीकडे काहीतरी भलतंच चालू होतं, तसंच हे.

ही चिनी कुटुंबं १८५१ च्या सुमाराला पॉईंट लोबोसच्या खाडीकाठी राहू लागली. त्यांनी बांधलेलं एक लाकडी खोपट अजून उभं आहे, त्याला आता व्हेलर्स केबिन म्हणतात आणि आत छोटंसं संग्रहालय आहे. वाकून जमिनीखाली बघितलं तर लाकडी तुळयांना आधार म्हणून देवमाशाचे मणके लावलेले दिसतात. इथल्याच एका झोपडीत १८५९ मध्ये क्वॉक मुई नावाची मुलगी जन्मली. मॉन्टरे भागात जन्मल्याची नोंद असलेली ती पहिली चिनी मुलगी. शेजारी रुमसेन, स्पॅनिश, पोर्तुगीज, अमेरिकन, त्यामुळे ती पाच भाषा बोलायची, आणि स्पॅनिश इतकं फर्डं की लोक तिला स्पॅनिश मेरी म्हणत. आपण इथे तीन भाषांत अडखळतो.

त्या वेळी सरकारचं यांच्याकडे लक्ष होतं, पण कर बसवण्यापुरतं. १८६० मध्ये कॅलिफोर्नियाने चिनी कोळ्यांवर दरमहा चार डॉलरचा कर लावला. फक्त चिनी कोळ्यांवर बरं का. १८८२ मध्ये तर देशानेच कायदा करून चिनी मजुरांना दार बंद केलं. क्वॉक मुईचं कुटुंब पुढे पॅसिफिक ग्रोव्हजवळच्या पॉईंट अलोनेसच्या चिनी वस्तीत गेलं. १९०६ च्या मे महिन्यात ती वस्ती जळली. आग कशी लागली ते कधी सिद्ध झालं नाही, पण लोकांना परत घरं बांधू दिली नाहीत, हे मात्र सगळ्यांसमोर झालं. पॅसिफिक ग्रोव्हच्या नगरपालिकेने या सगळ्याबद्दल अधिकृत माफी मागितली ती २०२२ मध्ये. एकशे सोळा वर्षं. यापुढे कुठल्याही सरकारी प्रोसेसिंग टाईमबद्दल तक्रार करताना मी हा आकडा लक्षात ठेवणार आहे.

मधल्या काळात खाडीत दुसरी मंडळी आली. १८६२ पासून सुमारे वीस वर्षं अझोर्स बेटांवरून आलेले पोर्तुगीज इथे देवमाशांची शिकार करत. उंच टेकडीवर एक माणूस दुर्बीण लावून बसायचा, फवारा दिसला की झेंडा वर, की खाली होड्या पाण्यात. मारलेला ग्रे व्हेल ओढत आणायचा आणि चरबी मोठाल्या लोखंडी काहिलींमध्ये उकळायची. त्या काहिली केबिनबाहेर ठेवल्यात, आपल्या गुऱ्हाळातल्या काहिलीची आठवण यावी अशा. गुऱ्हाळाचा वास हवाहवासा असतो, इथे काय वास सुटत असेल याचा विचारही नको. ते तेल दिव्यांसाठी. पुढे रॉकेल स्वस्त झालं आणि धंदा बसला. देवमाशांना वाचवायला तेव्हा कुठला कायदा धावून आला नव्हता, रॉकेलने वाचवलं, निदान थोडं. आम्ही उभे होतो तेव्हा लांबवर एक फवारा उडाला. नाशिककरने फोन काढेपर्यंत संपला.

खाणीही झाल्या. आज आपण व्हेलर्स कोव्हला ज्या सपाट जागेवर गाडी लावतो ती ग्रॅनाईटच्या खाणीची जागा. शेजारच्या टोकाचं नाव कोल शूट पॉईंट, कारण आतल्या डोंगरातला कोळसा तिथून घसरणीवरून जहाजात ओतायचे. १८८८ मध्ये त्यासाठी एक कंपनीच निघाली, कार्मेलो लँड अँड कोल कंपनी. कोळसा काही धड निघेना. मग कंपनीने तेच केलं जे आपल्याकडे कुठलीही बुडती कंपनी करते. जमिनीचे प्लॉट पाडले! १८९० मध्ये या सगळ्या टोकाचे सुमारे हजार प्लॉट कागदावर आखले गेले. रस्ते, चौक, सगळं. नाव दिलं कार्मेलिटो. लोकांनी प्लॉट घेतलेही.

हा नकाशा आठवला की मला पुण्याच्या बाहेरच्या टेकड्या दिसतात. 'निसर्गाच्या सान्निध्यात' असं होर्डिंग लावायचं आणि जे विकायचं तेच कापायचं.

इथे ते झालं नाही, त्याचं कारण एक माणूस. अलेक्झांडर अ‍ॅलन. घोड्यांच्या शर्यतींची मैदानं बांधण्यात त्याने पैसा केला होता. कोळशाच्या खाणीच्या निमित्ताने तो इथे आला आणि १८९८ मध्ये त्याने पॉईंट लोबोसची ६४० एकर जमीन घेऊन टाकली. आणि मग विकलेले प्लॉट तो एकेक करून परत विकत घेत गेला. कितीतरी वर्षं हे चालू होतं. मालक कुठे कुठे पांगलेले, प्रत्येकाला शोधायचं, पटवायचं, पैसे द्यायचे. ज्याने कधी आठ महिन्यांपूर्वीचा चुकीचा बदल एकेक कमिट उलटवत मागे घेतलाय त्याला या कामाची कळ समजेल. सहलीला येणारे लोक झाडांची नासधूस करायला लागले तसं त्याने गेट लावून पैसे घ्यायला सुरुवात केली. म्हणजे आम्ही सकाळी दिलेल्या दहा डॉलरची परंपरा जुनी आहे.

पण अ‍ॅलन काही साधू नव्हता. गुरं पाळायचा, आणि अ‍ॅबलोनीचा कारखाना चालवायचा. त्या कारखान्याचा दुसरा भागीदार म्हणजे गेन्नोसुके कोदानी, आणि खरं सांगायचं तर मी हा लेख त्याच्यासाठी लिहितोय.

कोदानी जपानमधल्या चिबाचा. समुद्री जीवशास्त्र शिकलेला. मॉन्टरेला अ‍ॅबलोनी माजल्यात असं एका देशबांधवाकडून कळलं आणि १८९७ मध्ये तो इथे आला, वयाच्या तिशीत. आजच्या भाषेत हायली स्किल्ड वर्कर. त्याने गावाकडून पाणबुडे बोलावले. चिबाचे पाणबुडे म्हणजे पिढीजात कसबी लोक, पण त्यांनी आधी आपल्या सवयीप्रमाणे नुसत्या अंगाने उड्या मारल्या आणि गारठून वर आले. इथलं पाणी उन्हाळ्यातही तेरा-चौदा डिग्रीच्या वर फारसं जात नाही. मग पितळी शिरस्त्राण, रबरी पोशाख आणि वरून हवा पंप करणारी होडी अशी यंत्रणा आली. चिनी कोळी ओहोटीला उघड्या पडणाऱ्या खडकांवरून अ‍ॅबलोनी काढत, हे खोल तळाशी उतरून काढू लागले. अ‍ॅलनची जमीन, कोदानीचं ज्ञान. दोघांनी मिळून डबाबंद अ‍ॅबलोनीचा कारखाना उभा केला, आणि तो १९२० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत चालला. कोदानीची मुलं याच खाडीकाठी वाढली.

आता या सगळ्या काळातले कायदे बाजूला मांडून बघा. कॅलिफोर्नियाचा १९१३ चा जमीन कायदा: जे परदेशी नागरिकत्वाला अपात्र आहेत त्यांना शेतजमीन विकत घेता येणार नाही. नागरिकत्वाला अपात्र कोण? जपानी, हे सुप्रीम कोर्टाने १९२२ मध्ये ताकाओ ओझावाच्या खटल्यात शिक्कामोर्तब करून सांगितलं. आणि १९२३ मध्ये त्याच कोर्टाने भगतसिंग थिंदच्या खटल्यात सांगितलं की हिंदुस्थानीही त्यातच. (हे आपले शहीद भगतसिंग नव्हेत. हे थिंद अमेरिकेच्या सैन्यात भरती झालेले.) म्हणजे त्या वेळी मी किंवा नाशिककर इथे असतो तर कोदानीच्याच रांगेत उभे असतो. आपली माणसं होतीच की तेव्हा. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे त्याच काळात कॅलिफोर्निया नि ऑरेगनमध्ये शेतकी शिकत होते आणि गदर चळवळीत होते. ते शेवटी मेक्सिकोत स्थिरावले आणि तिथे मक्यावरच्या संशोधनाने नाव कमावलं. आशियातून आलेल्या माणसाला इथे हुशारी दाखवायला कुणी अडवत नव्हतं. मुळं धरायला अडवत होते.

कोदानी १९३० मध्ये गेला. तेहतीस वर्षं इथे राहून, उद्योग उभारून, पण नागरिक होण्याची सोय त्याच्यासाठी कायद्यात कधीच नव्हती. जपानी स्थलांतरितांना ती मिळाली १९५२ मध्ये. योगायोग असा की अ‍ॅलनही १९३० मध्येच गेला. तीन वर्षांनी, ऐन मंदीत, अ‍ॅलनच्या वारसांकडून राज्याने ३४८ एकर जमीन घेतली. सेव्ह द रेडवूड्स लीगने त्यासाठी बरेच दिवस जोर लावला होता. मूळ सायप्रसच्या राईला अ‍ॅलन दांपत्याच्या स्मरणार्थ त्यांचं नाव दिलं. आम्ही सकाळी गाजर हलव्याचा विनोद केला ती हीच राई.

मग जागा 'नैसर्गिक' करायला घेतली. कारखान्याची आज एक भिंतही उभी नाही. आणि १९४२ मध्ये, पर्ल हार्बरनंतर, मॉन्टरे भागातल्या जपानी कुटुंबांना, त्यात इथेच जन्मलेली नागरिक मुलंसुद्धा आली, सलिनासच्या रोडिओ मैदानावर गोळा केलं आणि तिथून अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटात पोस्टनच्या छावणीत पाठवलं. काही परत आले, पुष्कळ आले नाहीत.

हे मी नाशिककरला बर्ड आयलंडच्या बाजूला एका बाकावर बसून सांगत होतो. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "त्याला माहिती होतं का रे, की आपल्याला कधीच मिळणार नाही?"

मी म्हटलं, कायदा छापील होता, माहिती असणारच.

"मग आपलं बरंय म्हणायचं की वाईट? आपल्याला कुणी नाही म्हणत नाही. रांगेत थांबा म्हणतात फक्त."

याच्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. ग्रीन कार्डच्या रांगेत माझाही नंबर आहे. ती रांग आपल्यासारख्यांच्या बाबतीत दशकांत मोजतात, हे वाचकांपैकी बऱ्याच जणांना मी सांगायला नको. पण मला एवढं कबूल केलं पाहिजे की ही तुलना पुरी बसत नाही. आमच्या हातात परत जायचं तिकीट आहे, पुण्यात नोकऱ्या आहेत, घरी आईबाप वाट बघतायत. कोदानीच्या मुलांना पोस्टनला जाताना हातात मावेल तेवढंच सामान घेऊन जायचं होतं, आणि त्यांचं घर तर इथेच होतं.

"आईला सांगितलंस?" मी विचारलं.

"सांगितलं. म्हणाली, बरं झालं, आंब्याच्या सीझनला असशील."

पाणमांजरांचं काय झालं ते राहिलंच. १९११ मध्ये त्यांच्या शिकारीवर आंतरराष्ट्रीय बंदी आली तेव्हा कॅलिफोर्नियातली संपलीच असं लोक धरून चालले होते. पण १९३८ मध्ये इथून दक्षिणेला बिक्सबी क्रीकच्या तोंडाशी एक कळप दिसला. बिग सूरच्या दुर्गम किनाऱ्यावर थोडी टिकून होती. आज कॅलिफोर्नियात सगळी मिळून तीनेक हजार आहेत, आणि ती सगळी त्या उरलेल्या थोड्यांची पोरं. १९६० मध्ये पॉईंट लोबोसच्या भोवतालचं सुमारे ७५० एकर पाणीही राखीव केलं, असं पाण्याखालचं राखीव क्षेत्र अमेरिकेतलं पहिलंच. पाणमांजरं परत आली, तशा मोकाट वाढलेल्या अ‍ॅबलोनी पुन्हा कपारीत गेल्या. माणसाने केलेला उपसा आणि रोग यांनी बाकीचं काम केलं, आणि १९९७ मध्ये राज्याने अ‍ॅबलोनीची व्यापारी मासेमारी पूर्ण बंद केली.

म्हणून कोदानीने पाहिलेला तो अ‍ॅबलोनींनी मढलेला तळ ही 'मूळ' अवस्था नव्हतीच. तो मधल्या शंभर वर्षांचा अपवाद होता, आणि त्याच्यावर दोन देशांच्या लोकांचं पोट उभं राहिलं. आज आपण बघतो तेही काही मूळ रूप नाही. त्यात रुमसेन नाहीत. पाटीवर 'नैसर्गिक' लिहिलेलं असतं ते खोटं आहे असं मी म्हणणार नाही, पण ती एक निवड आहे. कुठली आवृत्ती ठेवायची ते कुणीतरी ठरवलं, त्याचे पैसे भरले, आणि बाकीच्या काढून टाकल्या. मला विचाराल तर निवड चांगली झाली. हजार बंगल्यांपेक्षा हे केव्हाही बरं. फक्त काढून टाकलेल्यांची यादी गेटवरच्या नकाशात मोठ्या अक्षरात असावी, खोपटातल्या काचेच्या कपाटात नव्हे.

शेवटी व्हेलर्स कोव्हला आलो. दुपारचे दोन. पाणी काचेसारखं, खाली केल्पची जंगलं हलताना दिसत होती आणि त्यात एक पाणमांजर उताणं पडून छातीवर दगड ठेवून काहीतरी फोडत होतं. टक, टक, टक. आवाज काठापर्यंत येत होता. नाशिककर पाच-सात मिनिटं नुसता ते बघत उभा होता. मग वाकून त्याने पायवाटेच्या कडेचा एक कवचाचा तुकडा उचलला, नखाएवढा, आतून निळा-हिरवा. उन्हात फिरवून बघितला. खिशाकडे हात जाताना मी पाहिला, आणि त्याने मी पाहतोय हे पाहिलं.

"नियम काय रे?"

"काही न्यायचं नाही."

"हं." त्याने तुकडा होता तिथेच ठेवला, आणि बुटाने त्याच्यावर जरा माती सारली.

परतताना गिलरॉयला नेहमीप्रमाणे ट्रॅफिक. अर्धा तास एकाच जागी उभे. मला वाटलं तो झोपलाय, तेवढ्यात डोळे न उघडता म्हणाला, "तो राईस कुकर तू ठेव. तिकडे व्होल्टेज जुळणार नाही."